बॅनरवरचा पासपोर्ट फोटो

रत्नागिरीत ऑक्टोबरच्या उकाड्यात माणसाच्या अंगावर शाल घालणं हा खरं म्हणजे छळ आहे. पण तो चारचौघांत आणि फोटोग्राफरच्या साक्षीने केला की त्याला सत्कार म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेल्या मुलीला नऊ दिवसांत चार शाली मिळाल्या. तिला हवी होती एक नोंद, सरकारदरबारी, चार ओळींची. ती मात्र कुणी केली नव्हती. त्यात मीही आलो.

आमच्या गावात एक समिती आहे. तिचं नाव इतकं लांब आहे की लेटरहेडवर मजकुराला अर्धंच पान उरतं, त्यामुळे ते इथे देत नाही. जगातल्या राष्ट्रांमध्ये मैत्री वाढवणं हा तिचा हेतू. समितीच्या दोन उपाध्यक्षांचं एका गणेशोत्सवापासून एकमेकांशी बोलणं नाही, पण ते राष्ट्रांमध्ये मोडत नाहीत. अध्यक्षांचं हातखंब्याच्या तिठ्यावर हॉटेल आहे. चिटणीस सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली, शिक्का सोडला नाही, फक्त त्यावरचं नाव बदललं.

शिष्यवृत्तीवर पुण्या-मुंबईला शिकणारी परदेशी मुलं सुट्टीत वसतिगृहावर अडकून पडतात. मेस बंद, मित्र आपापल्या गावी, आणि यांचं घर दोन विमानं बदलून. अशा मुलांना सुट्टीपुरतं घर द्यावं अशी कल्पना समितीच्या डोक्यात आली. कल्पना चांगली होती, हे कबूल केलं पाहिजे. समितीला चांगल्या कल्पना सुचतात; पुढचं सगळं नंतर होतं.

अध्यक्ष आमच्या पडवीत येऊन बसले.

"सर, तुमची वरची खोली रिकामी आहे. मुलगा बाहेर. तुम्ही ग्रंथपाल होतात, इंग्रजी उत्तम. एक विद्यार्थिनी देतो."

वस्तू दिल्यासारखं 'देतो' म्हणाले. माझी बायको शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला शेवटचा आकडा आधी विचारायची सवय आहे.

"जेवणाखाण्याचं कोण बघणार?"

"वहिनी, समिती आहे ना."

'समिती आहे ना' याचा अर्थ 'तुम्हीच', हे तिला त्याच क्षणी कळलं. तरी ती हो म्हणाली. रिकाम्या खोलीचा तिला माझ्याहून जास्त कंटाळा आला होता.

मुलगी मलावीची. आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराच्या काठचं तिचं गाव. पुण्याला संख्याशास्त्र शिकत होती, दुसरं वर्ष. सकाळी पुण्याहून निघालेली तिची एसटी थेट रत्नागिरी स्टँडवर येणार होती, पण समितीने तिला हातखंब्यालाच उतरवलं, कारण स्वागत अध्यक्षांच्या हॉटेलासमोर व्हायचं होतं. महामार्गाच्या कामाची धूळ उडत होती, ट्रक हॉर्न वाजवत होते, आणि आठ तास बसून आलेली ती मुलगी पायाशी बॅग ठेवून औक्षणाच्या तबकाकडे बघत होती. पहिली शाल तिथेच अंगावर पडली. मी तिला हळूच विचारलं, "दमलीस?" ती मराठीत म्हणाली, "थोडी. बाथरूम कुठे आहे?" एवढ्या स्वागतात तो प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

घरी आल्यावर, हातपाय धुतल्यावर, तिने चहाच्याही आधी बॅगेतून एक पारदर्शक फोल्डर काढला. पासपोर्टची झेरॉक्स, राहण्याच्या परवान्याची झेरॉक्स, दोन फोटो.

"काका, सी-फॉर्म."

परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने चोवीस तासांत त्याची नोंद सरकारच्या पोर्टलवर करायची असते. तो सी-फॉर्म. मला ते त्या दिवशी कळलं. तिला ते पाठ होतं, आणि त्याला कारण होतं. तिचा परवाना पुढच्या महिन्यात संपत होता आणि नूतनीकरण व्हायचं होतं. तिच्याच वसतिगृहातली एक मुलगी मागच्या सुट्टीत मैत्रिणीच्या घरी नोंद न करता राहिली. तिचा परवाना कित्येक महिने अडकला, परीक्षेला बसता आलं नाही, शेवटी ती परत गेली. हे सगळं मुलीने गणिताची पायरी सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, "मला परत जायचं नाही. डिग्री नसताना नाही."

चिटणीस तिथेच होते, फोटो काढायला आलेले. त्यांनी फोल्डर माझ्या हातातून घेतला.

"सर, पोर्टल-बिर्टल माझ्यावर सोडा. आयुष्य फॉर्म भरण्यात गेलं माझं."

मी सोडलं. ते फॉर्म भरून घेणाऱ्या खिडकीच्या आतल्या बाजूला होते, फॉर्म दुसरेच भरायचे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर बॅनर लागला. अध्यक्ष हात जोडून, कमरेपर्यंत. दोन्ही उपाध्यक्ष दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ होईल असे. खाली पदाधिकाऱ्यांचे गोल चेहरे, पोस्टाच्या शिक्क्यांसारखे. आणि कोपऱ्यात, 'आफ्रिका देशाच्या सुकन्येचे सहर्ष स्वागत' या ओळीखाली, ती. पासपोर्टच्या फोटोत हसायची परवानगी नसते, त्यामुळे एवढ्या हसऱ्या माणसांत ती एकटीच हरवलेल्या व्यक्तीच्या जाहिरातीतली वाटत होती. चेहऱ्याच्या एका बाजूला झेरॉक्सवर येते तशी उभी काळी रेघही होती.

तिने बॅनरसमोर उभं राहून मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"काका, झेंडा आमचा नाही. शेजाऱ्यांचा आहे."

मला इतकं हसू आलं की मी घरी येऊन ओळखीच्या माणसांना फोन लावले. एका खंडाचा देश केला, त्याला दुसऱ्याच देशाचा झेंडा लावला, आणि ही माणसं राष्ट्रांमध्ये मैत्री करायला निघाली आहेत. मी रंगात आलो होतो. फॉर्मसाठी दिलेला फोटो बॅनरवर काय करतोय, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

चिटणिसांना मात्र फोन केला, हे माझ्या बाजूने नोंदवतो.

"फॉर्मचं झालं का?"

"इतिवृत्तात घेतलंय, सर."

आता ही समितीची कामाची पद्धत आहे आणि ती मला ठाऊक होती. चिटणीस इतिवृत्त सभेच्या आधी लिहितात. कोण सूचक, कोण अनुमोदक, कोणी आभार मानले, सगळं आदल्या दिवशी घरी बसून, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात. सभा नंतर त्याबरहुकूम होते. क्वचित होतही नाही, पण वहीत झालेली असते. 'विद्यार्थिनीची शासकीय नोंद विनाविलंब करण्यात आली' हे वाक्य वहीत पडलं, आणि त्यांच्या मनातून काम उतरलं. यात लबाडी नव्हती. लबाडीला निदान थोडी जाग लागते.

पुढचे दिवस भरगच्च गेले. सभागृहात जाहीर सत्कार झाला. एका वक्त्याने आफ्रिकेतल्या सिंहांवर पंचवीस मिनिटं घेतली. तिच्या गावाजवळ सिंह नाहीत, पाणघोडे आहेत, असं तिने मला कानात सांगितलं, पण पाणघोड्यांवर कुणाची तयारी नव्हती. दुसरी आणि तिसरी शाल तिथे. नंतरचं जेवण समितीने 'आपल्या सात्त्विक संस्कृतीचं' ठेवलं होतं, म्हणजे पनीर. मग तिला हेदवीच्या गणपतीला नेलं. जयगडहून फेरीबोटीत बसल्यावर ती पहिल्यांदा मोकळी झाली, कठड्याला धरून वारा खात उभी राहिली, आणि अध्यक्षांनी तिला आत बोलावून घेतलं, कारण बाहेर उन्हात फोटो काळे येत होते. देवळात तिने बायकोला विचारलं, "काकू, इथे काय मागतात?" बायको म्हणाली, "जे अडलंय ते." तिने डोळे मिटले. तिला काय अडलं होतं हे मला माहीत होतं, आणि मी समजत होतो की ते सुटलेलं आहे.

तिचं खरं स्वागत कुणी केलं असेल तर आमच्या मासेवालीने. ही बाई वर्षानुवर्षं सकाळी पाटी घेऊन फाटकाशी येते आणि बायकोशी भांडते. एके सकाळी मुलगी पुढे झाली, उकिडवी बसली, एका बांगड्याचा कल्ला उचलून बघितला आणि मासा परत ठेवला.

"कालचा आहे."

मासेवाली आधी तिच्याकडे, मग माझ्या बायकोकडे बघत राहिली. "हिला कोणी शिकवलान गो?"

"माझी आई विकते," मुलगी म्हणाली. "सुके. लहान मासे, उन्हात."

"अगो मग आमच्यातलीच की ही. आणि ते मेले तिला पनीर घालतायत." बांगडा पाटीत परत गेला आणि तळातून दुसरा निघाला. एवढी वर्षं आम्हाला तळातले बांगडे दिसले नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी हवालदार आले. सभ्य माणूस; चप्पल काढून पडवीत आले. मोबाइल पुढे धरला. त्यात आमच्या नाक्यावरचा बॅनर होता.

"ह्या मॅडम तुमच्याकडे उतरल्यात?"

"हो."

"आमच्याकडे नोंद दिसत नाही."

"केलीय. समितीने."

"नाही केलेली, सर. दोनदा बघितलं." मग जरा थांबून, उगाच लागू नये अशा आवाजात म्हणाले, "पेपरात बातमी दिलीत, बॅनर लावलात, सगळ्या गावाला सांगितलंत. फक्त आम्हाला सांगायचं राहिलं."

मुलगी दारात उभी होती. ती आत गेली आणि रिकामा पारदर्शक फोल्डर घेऊन परत आली. चिटणिसांनी कागद काढून घेऊन फोल्डर आमच्याच टेबलावर ठेवला होता.

हवालदारांनी समजावून सांगितलं. फॉर्म आत्ता लगेच भरा. उशिराचं कारण लेखी द्या, उद्या साहेबांसमोर. "जे कारण लिहाल ते मॅडमच्या फायलीला लागणार. पुण्याला परवान्याच्या वेळी तेच वाचतील. जपून लिहा."

तिचा मूळ पासपोर्ट समोर ठेवून फॉर्म भरायला मला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा माझा चष्मा शोधण्यात.

संध्याकाळी अध्यक्ष आणि चिटणीस आले. चिटणिसांच्या हातात इतिवृत्ताची वही आणि टाइप केलेला कागद. कागद तयारच होता. त्यांच्याकडे सगळं तयार असतं.

"सर, फक्त सही करा," अध्यक्ष म्हणाले. "विद्यार्थिनीने कागदपत्रे विलंबाने सादर केली. एका ओळीत विषय संपला."

"तिने पहिल्याच संध्याकाळी दिली होती. चिटणिसांच्याच हातात."

"अहो, पण बाहेरची मुलगी आहे, नियम माहीत नसतात, समजून घेतात. ती तीन दिवसांनी जाणार. समितीला इथे राहायचंय."

"आणि इतिवृत्तात नोंद झाल्याचं आलंय," चिटणीस कळवळून म्हणाले. "आता इतिवृत्त खोटं कसं पाडायचं?"

म्हणजे वही खरी राहावी म्हणून मुलगी खोटी पडायची. इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मी पुस्तकातही वाचलं नव्हतं.

मुलगी मागीलदारी बायकोबरोबर मासे साफ करत होती. ती तशीच बाहेर आली, हातांना खवले लागलेले.

"मी पहिल्या दिवशी दिले."

"बाळ, आम्ही मराठीत बोलत होतो, तुझा गैरसमज—" अध्यक्ष म्हणू लागले.

"मला कळलं," ती म्हणाली. तिचं मराठी पुण्यातलं, रिक्षावाल्यांकडून आणि मेसच्या मावशींकडून उचललेलं, छोट्या वाक्यांचं. "तो फोटो फॉर्मचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅनरवर होता. उशिरा दिला, तर लवकर कसा लागला?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांनी वहीकडे. वहीत यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शेवटी अध्यक्ष उठले. "असा वाद घालून मैत्री वाढत नाही," म्हणाले, आणि पायऱ्या उतरताना थांबून चौथी शाल बायकोच्या हातात दिली. ती निरोप समारंभासाठी आणली होती. आता समारंभ होणार नव्हता, पण शाल खर्ची पडलेली होती.

ते गेल्यावर मी त्यांच्यावर बोलायला सुरुवात केली. विषय माझ्या आवडीचा होता आणि माझ्याकडे पुष्कळ साठा होता. बायकोने मध्येच थांबवलं.

"झेंडा चुकला म्हणून तुम्ही किती जणांना फोन केलेत?"

मी आकडा सांगितला नाही.

"तेवढ्या वेळात तीनदा फॉर्म भरून झाला असता. घर कुणाचं आहे? त्यांचं?"

आयुष्यभर मी मोठ्या समारंभांना हसत आलो, आणि हसणारा माणूस आपोआप वेगळ्या रांगेत उभा राहतो असं समजत आलो. तिच्या फायलीच्या दृष्टीने मी त्याच बॅनरवर होतो, फक्त माझा गोल फोटो छापायचा राहिला होता.

रात्री जेवणं झाल्यावर पत्र लिहिलं. विशेषणं काढली. घरमालक म्हणून नोंद करण्याची जबाबदारी माझी होती. विद्यार्थिनीने आल्याच्या संध्याकाळी सर्व कागद दिले. मी ते काम दुसऱ्यावर टाकलं आणि झालं की नाही हे तपासलं नाही. चूक माझी, तिची नाही. पुरावा म्हणून मुलीने बॅनर लागला त्याच सकाळी मोबाइलवर काढलेला फोटो जोडला, आणि त्यावरची तारीखही लिहिली. मुलीने पत्र वाचलं. 'चूक माझी' या शब्दांवर तिचं बोट जरा थांबलं.

"तुम्हाला त्रास होईल का, काका?"

"झाला तर माझ्या वयाला शोभेल."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, जोडपत्र उलटंसुलटं करून बघितलं.

"बॅनर पुराव्याला लावलाय?"

"तेवढाच खरा कागद आहे."

"इतकी वर्षं बॅनर काढायला लावतोय," ते म्हणाले, "त्याचा उपयोग झालेला पहिल्यांदा बघतो." मग हसू आवरून मला चांगली दहा मिनिटं समज दिली. मी ऐकून घेतली. ती वाजवी होती आणि त्यात एकही सिंह नव्हता. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, विद्यार्थिनीचा दोष दिसून येत नाही, असा. "मी एवढं करू शकतो. पुढचं पुणे ठरवेल."

मुलीने विचारलं, "शक्यता किती?"

"तुम्ही आकड्यांच्या आहात," ते म्हणाले. "मी नाही."

ती गेली तेव्हा स्टँडवर समितीचं कुणी नव्हतं. मासेवालीने सुकटीचं पुडकं दिलं होतं, तीन पिशव्यांत बांधून, तरी सगळ्या एसटीला कळलं असेल. शाली तिने आमच्याकडेच ठेवल्या. "बॅगेत जागा नाही," म्हणाली. सुकटीला होती.

मग वाट बघणं. डिसेंबर उजाडला. बायको रोज सकाळी मोबाइल बघायची आणि मला काही सांगायची नाही, म्हणजे काही आलेलं नसायचं. मी दोनदा पुण्याला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. माझ्या आवाजाने काही सुटेल असं वाटलं नाही. याच सुमारास मी किनाऱ्याकडे गेलो असता मासेवालीच्या अंगणात आमचा बॅनर उताणा पसरलेला दिसला. पालिकेने उतरवला होता, तिने उचलून आणला. त्यावर सुकट वाळत होती. अध्यक्षांच्या जोडलेल्या हातांपासून कपाळापर्यंत सगळी सुकट. कोपऱ्यातला चेहरा मात्र तिने मोकळा सोडला होता.

"तिच्यावर नाय घालत," म्हणाली. "काय कळलं तिचं?"

"नाही अजून."

"कळलं तर सांग."

कळलं ते डिसेंबर संपता संपता. शब्द एकही नाही. नव्या परवान्याचा फोटो, शेवटच्या तारखेवर बोट ठेवलेला. बोटाचं नख शाईने निळं झालेलं. बायकोने तो मोठा करून पाहिला, तारीख मोठ्याने वाचली, आणि चप्पल घालून मासेवालीला सांगायला गेली.

समितीच्या वार्षिक अहवालात 'परदेशी विद्यार्थिनीस परवाना मिळवून देण्यात समितीचा सिंहाचा वाटा' असं वाक्य आलं. अध्यक्षांचा फोनही आला, माझा सत्कार ठरला होता.

"बॅनरसाठी एक फोटो पाठवा, सर. पासपोर्ट साइज चालेल."

मी म्हटलं, माझा पासपोर्ट नाही. हे खोटं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत ती पुन्हा आली. या वेळी हातखंब्याला कुणी उतरवलं नाही. रत्नागिरी स्टँडवर बायको एकटी गेली होती. मी घरी कॉम्प्युटर लावून, चष्मा नाकावर ठेवून बसलो होतो. ती दारातून आत आली तशी मी हात पुढे केला.

"पासपोर्ट."

"अहो, तिला पाणी तरी पिऊ द्या," बायको म्हणाली.

"नको काकू," ती म्हणाली, "आधी हे." बॅग खांद्यावरच ठेवून ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि मी एकेक रकाना भरू लागलो. पासपोर्टच्या नंबरात मी एक आकडा चुकलो. तिने मागून बोट लावून दाखवला.